नुसती हवाच तर होती

प्रेमापुढे भिंती टिकत नाहीत, असं आजवरच्या सगळ्या थोर मंडळींनी एकमुखाने सांगून ठेवलं आहे. त्यांच्यापैकी कोणीही राहत्या घरातली गॅसची लाइन हलवलेली नसावी. भिंत टिकते. तिला भोक पाडायला अर्ज लागतो, अर्जाला नकाशा लागतो, आणि नकाशावर सही करणारे साहेब जेवायला गेलेले असतात.

लाइन हलवायचं कारण लग्न. थोरलीचं नव्हे, धाकट्याचं. नव्या जोडप्याला मोठी खोली हवी, म्हणून जुनं स्वयंपाकघर धाकट्याच्या खोलीत मिसळणार होतं आणि नवं स्वयंपाकघर थोरलीच्या खोलीत येणार होतं. थोरली कुठे जाणार, ते नकाशात नव्हतं.

“तुझं काय, तू आज ना उद्या सासरीच जायचीस,” आई म्हणाली. हे ती गेली आठ वर्षं म्हणत होती.

थोरली शाळेत गणित शिकवायची. शाळेला सुट्टी होती, त्यामुळे देखरेख तिच्याच गळ्यात पडली. गॅसच्या ऑफिसातून फिटर आला तेव्हा तिच्या डोक्याला फडकं आणि नाकावर सिमेंट होतं.

“बाई, मालकीणबाईंना बोलवता का?” त्याने विचारलं.

“मीच आहे.”

“हो का?... मग नाक तेवढं पुसून घ्या. विश्वास बसत नाहीये.”

तिने नाक पुसलं. सिमेंट गालावर गेलं. तो हसला नाही, पण न हसण्यासाठी त्याला बरीच मेहनत पडलेली दिसली. आणि गेल्या कित्येक वर्षांत कुणी थोरलीसाठी एवढी मेहनत घेतली नव्हती.

काम चार दिवसांचं. तो सावकाश, नीटनेटकं काम करायचा. पाना लावण्याआधी पितळी नटावर सुती चिंधी गुंडाळायचा, ओरखडा उठू नये म्हणून.

“नटाला एवढं जपता?”

“मी गेल्यावर तोच राहणार ना इथे.”

तिसऱ्या दिवशी त्याने नव्या पाइपात हवा भरली, दाब दाखवणारं काट्याचं गेज लावलं, आणि प्रत्येक जोडावर ब्रशने साबणाचं पाणी फिरवायला लागला. थोरली बॅटरी धरून शेजारी. दोघांच्या खांद्यांत चार बोटांचं अंतर. गणिताची शिक्षिका असून तिला ते सारखं पुन्हा मोजावंसं वाटत होतं.

“बुडबुडा दिसला तर सांगा.”

“दिसला तर?”

“तर मी नापास.”

“आणि नाही दिसला तर?”

“सकाळी साहेब येतात, काटा आहे तिथेच आहे ना बघतात, सही करतात. मग... मी निघतो.”

“मग दिसलेलाच बरा —”

बॅटरी जरा हलली. दोघंही त्या जोडाकडे असं टक लावून बघत राहिले, जणू बोलणारा तोच होता. बुडबुडा काही आला नाही.

चौथ्या दिवशी सकाळी दहाच्या जरा आधी आई आंघोळीला गेली आणि थोरलीने खणातली पक्कड काढली. पाइपात गॅस नाही, नुसती हवा आहे, हे तिला ठाऊक होतं. एक नट, अर्धा फेरा. बारीकसं फुस्स झालं. काटा खाली येत गेला, आणि तिला एक दिवस मिळाला.

दहा वाजता फिटर आला, इस्त्रीचा शर्ट घालून. साहेबांसाठी असेल, असं तिने धरलं. मागोमाग साहेब आले. काटा शून्यावर.

फिटर खाली वाकला. पितळी नटावर पकडीचे दात उमटले होते, स्वच्छ, सहा. तो ते बघत राहिला. मग त्याने वर न बघताच तो नट हाताखाली झाकला.

“कोणी आवळला होता?” साहेबांनी विचारलं.

“मीच, साहेब. राहिला माझ्या हातून.”

“आजच्या दिवशी? अहो, सुपरवायझरसाठी तुमचं नाव घालायचं होतं मला... आता कसं घालू?” साहेबांनी रिपोर्टात लिहिलं आणि ते गेले.

थोरलीने विचारलं, “तुम्ही खरं का नाही सांगितलं?”

“काय सांगू? बाईंनी पक्कड चालवली?”

“नुसती हवाच तर होती...”

“हवाच होती. पण मी लोकांच्या घरात हे सोडून जातो, बाई. पोरंबाळं झोपतात तिथे. मी आवळलेलं कोणी मुद्दाम सोडणार नाही, एवढ्याच भरवशावर मलाही झोप लागते.”

“मला फक्त एक दिवस हवा होता.”

“मागायचा होतात. मी चार दिले असते.” तो हत्यारं पिशवीत भरत होता, एकेक, पुसून. “आज पास झालं असतं, तर तुमच्या आईंशी बोलणार होतो. शर्ट त्यासाठीच होता.”

“मग बोला ना... अजूनही —”

त्याने तिच्याकडे पाहिलं. नीट, पहिल्यांदाच, बॅटरीच्या उजेडाशिवाय. त्या नजरेत राग असता तर तिने हातापाया पडून तो घालवला असता. राग नव्हता. कुलूप लावलंय की नाही याची खात्री नसलेल्या माणसासारखा तो बघत होता.

“प्रत्येक वेळी घरी आल्यावर मी आधी काटा बघेन,” तो म्हणाला. “ते तुम्हालाही नको, मलाही नको. उद्या दुसरा फिटर येईल. माणूस चांगला आहे.” पिशवीची चेन ओढून तो म्हणाला, “लग्न झालेलं आहे त्याचं.”

थोरलीला हसू आलं आणि ते अर्ध्यावरच मोडलं. ती काहीतरी बोलणार, एवढ्यात ओले केस पंच्यात गुंडाळून आई दारात आली.

“निघालात का हो? मग जाता जाता वरच्या फळीवरचा तेवढा साखरेचा डबा काढून द्या. आमच्या दोघींचा हात पोचत नाही.”