गुणाजींचा हातोडा

रोह्याहून रात्रीच्या गाडीनं पेणला जाताना कासू स्टेशन आलं तरी तुम्ही पोरं मोबाईलमध्ये डोकं घालून असता. मी मात्र खिडकी लावून घेतो. का, ते आज सांगतो. तिथल्याच आमच्या नितेशवर बेतलेली गोष्ट आहे, त्यानं स्वतः मला सांगितलेली.

गेल्या सालची खंडेनवमी. नितेश सकाळीच पेणच्या बाजारातून झेंडू घेऊन आला. घरात हत्यारांची पूजा मांडली. कोयता, विळा आणि मधोमध आजोबांचा हातोडा. आजोबा म्हणजे गुणाजी, घरातल्यांचे आबा. ही रोह्याची लाईन टाकली तेव्हापासून ते रेल्वेच्या गँगमध्ये होते. रूळ धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या सैल झाल्या की त्या ठोकत मैलोन्‌मैल चालायचे. पूजेला मांडलेलं हत्यार त्या दिवशी उचलायचं नाही, हा त्यांचाच दंडक.

नितेशचा धाकटा भाऊ सुजय तेव्हा अमेरिकेहून आला होता. त्याची बायको अ‍ॅना तिकडचीच. तिचे खापरपणजोबा जर्मनीतून बोटीनं अमेरिकेत गेले आणि रेल्वेचे रूळ टाकायच्या कामाला लागले. त्यांचा हातोडा तिच्या माहेरी काचेच्या कपाटात आहे, आणि वर्षातून एकदा सगळं खानदान तिथं जेवायला जमतं. सुजयनं आपल्याही आजोबांचं सांगितलं तसे सासरे हरखले. म्हणाले, तोही हातोडा आणा, शेजारी ठेवू. दसरा झाला की सुजय तो घेऊन जाणार होता.

नितेशचा नुसता जळफळाट झाला. आजारपणात म्हाताऱ्या आजोबांना उचलून न्हाणीत कोणी नेलं? मऊ भात कोणी भरवला? आणि म्हातारा रोज विचारायचा काय, तर सुजयचा फोन आला का. मयतीलाही न आलेला भाऊ आता आजोबांना पेटीत घालून नेणार. त्यापेक्षा हातोडा खाडीत गेलेला बरा, असं नितेशनं मनाशी ठरवलं.

सगळे निजल्यावर त्यानं हातोडा पूजेतून उचलला आणि रुळाच्या कडेनं खाडीवरच्या पुलाकडे निघाला. चंद्र मावळला होता.

मागून आवाज आला. टण्.

लोखंडावर लोखंड. तो थांबला. पुन्हा टण्. आता जवळ.

गँगवाला असेल म्हणून त्यानं वळून बघितलं. बॅटरी नाही. कंदील नाही. एवढ्या काळोखात ठोकतंय कोण?

टण्... टण्...

आवाज थांबला. अगदी समोर. वंगणाचा वास आला. विडीचा आला.

"सुजय कुठं हाय?"

आवाज आजोबांचा. मेल्यावरही तेच. भीती होतीच, पण तिच्याही वर हेवा उसळला.

"मीच सुजय," नितेश म्हणाला.

खांद्यावर हात पडला. जड. थंडगार. मायेनं दाबला... उभ्या जन्मात तो हात नितेशच्या खांद्यावर असा कधी पडला नव्हता.

"नितेशला सांग..."

पुढे काही नाही. नितेश वाट बघत राहिला. मीच नितेश, असं म्हणायला त्यानं तोंड उघडलं...

हात निघाला. टण्... लांब. मग तेही नाही.

खाडीपर्यंत जायची हिंमत राहिली नाही. तो पहाटे घरी आला, हातोडा होता तिथं ठेवला. दिवा लावून अंगातला शर्ट काढला, उलटसुलट करून बघितला, खांदाही बघितला. एकही डाग नव्हता.

आतल्या खोलीत सुजय अंथरुणात उठून बसला होता. म्हणाला, "आबा आलते रं स्वप्नात. तुला काय तरी सांग म्हणत होते. काय ते आठवतच नाय बघ."

नितेश दिवा घेऊन जवळ गेला. सुजयच्या पांढऱ्या बनियनवर, खांद्याशी, पाच बोटं उमटली होती. काळ्या वंगणाची. अजून ओली.