ब्रेथविकसाहेबाचं दार

सुदामनं दार बसवलं ते शुक्रवारी, सुट्टी बघून. आखातात, अबू हमूरमधल्या त्याच्या भाड्याच्या व्हिलाचं आधीचं दार साधं, पांढरं होतं. घरमालकाची परवानगी काढून त्याच्या जागी हे सागवानी आलं, मुंबईहून बोटीनं. सुदाम आर्किटेक्ट आणि ब्रेथविक हे त्याचं दैवत. हा साहेब १९०८ साली इंग्लंडातून मुंबईला आला, त्यानं बँका बांधल्या, कोर्टं बांधली आणि म्हातारपणी महाबळेश्वरला स्वतःसाठी बंगला बांधला. तो पाडला तेव्हा निघालेलं हे दार.

"त्याचं सगळं करिअर या एका दारात आहे बघ, आई," सुदाम म्हणाला.

अंबिकाबाईंनी दाराच्या पितळावरून बोट फिरवलं. त्यांची आई पारूबाई त्याच बंगल्यात स्वयंपाकाला होती, साहेब मरेपर्यंत. या दाराचं पितळ तिनं रोज घासलं, पण त्यातून आत ती कधी आली नाही. नोकरांची मागची वाट साहेब नकाशातच आखून ठेवायचा.

त्या संध्याकाळी कंपाउंडमध्ये फेरी मारून अंबिकाबाई परतल्या, तर दार हलेना. सुदामनं नुसता हात लावला, उघडलं. दमट हवेनं लाकूड फुगतं, तो म्हणाला. नंदू सुतारानं रंधा मारून दिला. "खलास, आता लोण्यासारखं चालेल."

चाललंही. सुदामच्या बायकोला, अलकाला उघडे, पाहुण्यांना उघडे, कुरियरवाल्याला उघडे. अंबिकाबाईंनी ढकललं की मात्र पलीकडून कुणी पाठ लावून उभं असल्यासारखं वाटे आणि फटीतून पाइपच्या तंबाखूचा वास येई. घरात कुणीच तंबाखू ओढत नव्हतं.

एका दिवशी तिघं गाडीतून परतले, तर पुन्हा तेच.

"आई, किचनच्या दारानं या ना," अलका म्हणाली. "उकाड्यात कशाला ताटकळता?"

"मागच्या दारानं माझी आई जन्मभर गेली. मी जाणार नाही."

सुदाम उघडायला पुढे झाला. त्यांनी त्याला काठीनं अडवलं. तू उघडलंस तर तुझ्या मेहेरबानीनं आत येईन, म्हणाल्या. मग प्लास्टिकची खुर्ची ओढून दारासमोरच बसल्या. घाम हनुवटीवरून टपकत होता. सुदाम आणि अलका गाडीपाशी हताश उभे राहिले. घर रिकामं होतं.

आत कुणीतरी खाकरलं.

अलकानं सुदामचा हात धरला.

अंबिकाबाई उठल्या. "साहेब, मी पारूची मुलगी. बाजूला व्हा."

आतली कडी सावकाश सरकली.

दार उघडलं. अंबिकाबाई आत गेल्या, हॉलमधल्या मोठ्या खुर्चीत बसल्या आणि त्यांनी चहा मागितला.

चहाला उकळी येते तोच किचनच्या दारावर बाहेरून टकटक झाली. हलकी, अदबीची. अलकानं उघडलं. कोणी नव्हतं. पायरीवर बुटांचे दोन ठसे होते, टोकं दाराकडे. महाबळेश्वरला असते तसल्या ओल्या, लाल मातीचे.

"थांबू दे त्याला," अंबिकाबाई म्हणाल्या आणि त्यांनी चहा बशीत ओतला.

अलकानं पायरी दोनदा धुतली. दुसऱ्या दिवशी भर दुपारी, ऑगस्टच्या उन्हात, ठसे तिथंच होते. अजून ओले.