उजव्या हाताचं खोकं

बाबांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं बोचकं चहाच्या टेबलावर ठेवलं, तेव्हा टेबल कण्हलं. पाठोपाठ आईही.

"आधी बघा तर खरं," बाबा म्हणाले. "असा वाईस दुकानात मागायला गेलात, तर दुकानदार खिशाला भोक पाडेल. मी अगदी मातीमोलानं आणलाय."

यास्नाने पाव बाजूला सारला आणि कागद सोडला. आत लाकूड घट्ट पकडून धरणारा लोखंडाचा जाडजूड जबडा होता. त्याचा स्क्रू वाकलेला, आणि कडेला हिरव्या रंगाचा सुकलेला ओघळ. तो ओघळ यास्नाने लगेच ओळखला. मागच्या हिवाळ्यात खिडक्या रंगवताना तो तिच्याच ब्रशातून सांडला होता.

"बाबा, हा आपलाच वाईस आहे."

बाबा हसले. वालपाराइसो शहरातल्या निम्म्या खिडक्या हिरव्या आहेत, असं त्यांचं म्हणणं पडलं. तेवढ्यात तिच्या धाकट्या भावाने, इतालोने, वाईस उलटा केला. तळाशी त्याच्या नावाचं पहिलं अक्षर खिळ्याने कोरलेलं होतं. जरा तिरकं, त्याच्याचसारखं.

 आई किटली आणायला उठली, तेव्हा तिची पाठसुद्धा वैतागलेली दिसत होती. या टेकड्यांवर असल्या सामानाला काचुरेओ म्हणतात. मराठी कानाला तो शब्द कचऱ्यासारखा लागतो. आईला मराठीचा गंध नव्हता, तरी तिचं मत तेच होतं. नव्या वर्षाला तिने बाबांकडून वचन घेतलं होतं, की बाजारातून एक वस्तू घरात आली तर एक बाहेर जाईल. वस्तू येत होत्या, जातही होत्या, पण वर्कशॉप काही रिकामं होत नव्हतं.

बाबा वाईसकडे टक लावून बघत राहिले. यास्नाला वाटलं, आता विचार करताहेत. करत होते, पण अर्धाच.

"म्हणजे बाल्दोमेरोने हा आपल्याकडून चोरला," ते म्हणाले, "आणि मलाच विकला!"

यास्नाने कपाळावर हात मारला. मोठी माणसं अशीच. मासळीबाजारातलं मांजर जसं हवा तोच तुकडा उचलतं, तसं ती बोलण्यातलं सोयीचं तेवढंच उचलतात. बाल्दोमेरोकाका दर गुरुवारी हातगाडी घेऊन गल्लीत भंगार गोळा करायचे आणि रविवारी बाजारात गोधडी अंथरून तेच विकायचे. त्यांची मुलगी दानाए शाळेत यास्नाच्याच बाकावर बसायची. यास्नाने परोपरीने समजावलं, पण बाबांनी ठरवूनच टाकलं. बाजार-समितीच्या क्लोरिंदाबाईंच्या कानावर घालायचं. चोराला बाजारात जागा कशाला? आणि ती जागा गेली, तर दानाएच्या घरची चूल विझली.

दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या जिन्याच्या पायऱ्यांवर बसून यास्नाने दानाएला सगळं सांगितलं. दानाएने नजर खाली समुद्राकडे वळवली.

"तू सांगितलंस त्यांना?"

"मी फक्त एवढंच म्हटलं, की वाईस आमचा आहे."

"मग उरलेलंही तूच निस्तर." आणि ती उठली. आपल्या वडिलांना हे सांगायला मात्र दानाएची जीभ रेटली नाही.

सामान जातं कसं ते बघायला गुरुवारी सकाळी यास्ना, इतालो आणि दानाए वर्कशॉपमध्ये दबा धरून बसली. त्यांचं घर उतारावर होतं. स्वयंपाकघर वर, वर्कशॉप त्याच्या पोटात. वरून आतल्या आत एक जिना उतरायचा, आणि समोरचं दार खालच्या गल्लीत उघडायचं. दाराच्या दोन्ही अंगांना केळ्यांचं एकेक जुनं खोकं ठेवलेलं, आणि दोन्हीत लोखंड. दानाए आली होती खरी, पण कामाच्या ओट्याखाली शिरताना तिने इतालोला मध्ये घातलं, म्हणजे यास्नाला चिकटून बसायला नको.

खालून आरोळी आली, दर गुरुवारी येते तशी, वाऱ्यावर हेलकावत:

मोडकी खाट घेतो, गंजकी शेगडी घेतो,
नको झालं ते द्या बाई, हवं त्याला देतो.

दानाएने दाराकडे डोळे लावले. वडील आता बाहेरून ते ढकलतील, अशी तिला धास्ती होती. पण पावलं वाजली ती आतल्या जिन्यावर, वरून खाली. गुणगुणत आई उतरली, दाराजवळचं एक खोकं तिने कमरेवर घेतलं, दार उघडलं आणि बाल्दोमेरोकाकांच्या गाडीत ते रिकामं केलं. सगळ्यात वर हिरव्या ओघळाचा वाईस होता. काकांनी टोपी काढून आभार मानले आणि गाडीची चाकं खडखडत उताराला लागली.

दार लागलं आणि इतालो शिंकला.

आईने तिघांना ओट्याखालून बाहेर काढलं. इथे काय चाललंय, असं तिने विचारलं. तेच यास्नाने तिला उलट विचारलं.

"चाललंय काय म्हणजे? उजवीकडचं खोकं देऊन टाकायचं, असं तुझ्या बाबांनीच सांगितलंय. डावीकडचं दुरुस्तीचं, त्याला हात नाही लावायचा. मी कधी लावलाय?"

यास्ना जिन्याच्या तळाशी उभी राहिली आणि तिने उजवा हात पसरला. हात रिकाम्या खोक्याकडे गेला. मग ती दार उघडून गल्लीत गेली, तिथून आत आली आणि पुन्हा उजवा हात पसरला. आता तो दुसऱ्याच खोक्याकडे गेला. गंजके खिळे आणि मोडक्या कानशींनी भरलेल्या, महिनाभर कुणी न उचललेल्या.

"आई, बाबा इथे कुठून येतात गं?"

"गल्लीतून. कामावरून थेट. आधी वर येऊन तोंड धुतील तर..." आणि बोलता बोलता आई मटकन पायरीवर बसली.

म्हणजे बाबा दुरुस्तीचं सामान आपल्या डावीकडच्या खोक्यात टाकायचे आणि विसरायचे. आई तेच खोकं आपल्या उजवीकडचं म्हणून देऊन टाकायची. काका ते विकायचे, आणि बाबा विकत घेऊन पुन्हा त्याच खोक्यात टाकायचे.

संध्याकाळी आई-बाबांचं जुंपलं, ते उजवं नक्की कुणाचं यावर. पाव खाऊन संपला तरी उजवं संपेना. शेवटी यास्नाने विचारलं, क्लोरिंदाबाईंना सांगून झालं का? बाबांनी सोमवारीच, समितीत सगळ्यांसमोर, सांगितलं होतं. आता कधीतरी गाठून हळूच खुलासा करू, असं ते म्हणाले.

"हळूच नाही, काका," दानाए दारातून म्हणाली. "नाव सगळ्यांसमोर घेतलंत ना? मग धुवायचंही सगळ्यांसमोर."

रविवारी सगळे बाजारात पोचले तेव्हा क्लोरिंदाबाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या आणि बाल्दोमेरोकाका मुकाट्याने गोधडी आवरत होते. आसपासच्या विक्रेत्यांनी माना वळवल्या होत्या. यास्नाने बाबांना पाठीमागून ढकललं.

"चूक माझी आहे," बाबा म्हणाले. "यांनी काही चोरलेलं नाही. त्याचं असं झालं, की दार जर दक्षिणेला धरलं, आणि खोकं..." मग ते हवेत भिंती उभ्या करू लागले. क्लोरिंदाबाईंच्या भुवया वर वर चढत गेल्या.

यास्नाला राहवेना. तिने बाबांना क्लोरिंदाबाईंच्या समोर, तोंडाकडे तोंड करून उभं केलं.

"आता दोघांनी उजवा हात बाजूला पसरा."

दोन हात दोन दिशांना गेले. एक संत्रीवाल्याकडे, एक बुटांच्या दुकानाकडे.

"हे बाबा, आणि ही आई," यास्ना म्हणाली. "बाबांनी उजवीकडचं खोकं द्यायला सांगितलं, आणि आईने तिच्या उजवीकडचं यांच्या गाडीत दिलं."

संत्रीवाला आधी हसला, मग अख्खी रांग. क्लोरिंदाबाईंनी हात खाली घेतला, गोधडीचं टोक स्वतः धरून पुन्हा पसरलं, आणि समितीत डोकं चालवणारं एकही माणूस नाही, ही पोर मोठी झाली की तिला घ्या, असं जाहीर करून टाकलं.

बाल्दोमेरोकाका मात्र हसले नाहीत. त्यांनी बाबांकडे पाहिलं.

"मला वाटायचं, ही तुमच्या घरची मदत करायची रीत आहे. वहिनी देतात, तुम्ही विकत घेता. घेणाऱ्याची मान खाली जाऊ नये, म्हणून. मग मी कशाला बोलू? भाव तेवढा दरवेळी पाडून सांगायचो."

 मातीमोल म्हणजे काय, ते बाबांना आत्ता कळलं होतं. ते गोधडीपाशी उकिडवे बसले आणि त्यांनी काकांचा हात दोन्ही हातांत घेतला. बराच वेळ सोडला नाही. मग, काहीतरी बोलायला हवं म्हणून, त्यांनी समोरचं लाकडाला भोक पाडायचं गिरमिट उचललं आणि भाव विचारला.

"काका," दानाए म्हणाली, "तेही तुमचंच आहे."

बाबांनी ते पटकन खाली ठेवलं. दानाएला हसू आवरेना. हसता हसता ती गोधडीवर थोडी सरकली, एक माणूस बसेल इतकी, आणि यास्ना तिच्याशेजारी जाऊन बसली.