घाटावरची सतरा सेकंदं

दीप्तीला जर्मनीला जायला चार दिवस उरले होते. नर्सची नोकरी, तीन वर्षांचा करार. बॅगेत चटणीचे डबे कोंबून झाले आणि एकच काम राहिलं, आईच्या सिनेमाची कॉपी काढायचं.

आईचा सिनेमा म्हणजे आई त्यात होती, इतकंच. शेवंताबाई नव्यानं नांदायला आल्या तेव्हा पंचगंगेच्या घाटावर शूटिंग आलं होतं आणि पाणी भरणाऱ्या बायकांत त्यांनाही उभं केलं होतं. पडद्यावर सतरा सेकंदं. बाकीच्यांनी रिकाम्या घागरी घेतल्या, कॅमेऱ्याला काय कळतंय! शेवंताबाईंनी मात्र गळ्याशी पोचा आलेली घरची पितळी घागर काठोकाठ भरली, कमरेवर घेतली आणि ओल्या पायऱ्या अशा चढल्या की थेंब सांडला नाही. काय ती चाल! मोठमोठ्या नट्यांनी शिकून घ्यावी.

त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. आकाराम, म्हणजे दीप्तीचे आबा, रोज दुपारी जेवण झालं की सीडी लावून तेवढंच बघायचे आणि टीव्ही बंद करायचे. सिनेमा असा काही पडला होता की दुसरी सीडी कुठं मिळत नव्हती. शेवंताबाई हलताना, चालताना दिसायच्या त्या तिथंच.

"जपून गं," आबा म्हणाले. धोतराच्या मऊ तुकड्यानं त्यांनी सीडी मधून कडेला पुसली आणि लेकीच्या हातात दिली.

लॅपटॉपचा ड्राइव्ह घरघरत राहिला. बाहेर राजारामपुरीतल्या रिक्षांचा गोंगाट, भर दुपार. कॉपी झाली. लॅपटॉपवर आई झोकात पायऱ्या चढून गेली. मग सवयीनं आबांनी जुनी सीडी टीव्हीला लावली.

घाट होता. बायका होत्या, धुणं होतं, म्हैस होती. मधल्या पायऱ्यांवर कुणीच नव्हतं. वरून उतरणारी बाई मात्र अजूनही अंग चोरून बाजूला होत होती... कुणाला तरी वाट देत होती.

"चरा पडला असंल," दीप्ती म्हणाली, पण ते तिलाच पटलं नाही. लॅपटॉपमधली कॉपी तिनं एका कोऱ्या सीडीवर उतरवली. आता आई कोऱ्या सीडीवर आली, आणि लॅपटॉपमधला घाट रिकामा झाला. खोलीत शेवाळाचा वास दाटला.

"एकाच जागी राहती गं ती," आबा हळूच म्हणाले.

"मग इथंच राहू द्या की. तुमची रोजची दुपार हाय."

"न्हाय. तू घिऊन जा. कोल्हापूरच्या पल्याड कधी गेली न्हाय ती. इमानात बसायची लई हौस व्हती तिला."

ज्या माणसानं सहा वर्षं रोज त्या सतरा सेकंदांची वाट बघितली, त्यानं ती सीडी शेवंताबाईंच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून लेकीच्या बॅगेत स्वतः ठेवली. असा बाप नशिबानंच मिळतो.

जर्मनीत पोचल्यावर दीप्तीनं आधी सीडी लावली. घाट रिकामा होता. पुन्हा लावली, पुन्हा रिकामा. आबांना सांगायचं तरी कसं? रडतच तिनं व्हिडिओ कॉल केला. कोल्हापुरात दुपार झाली होती. आबांनी दाढी केली होती, इस्त्रीचा सदरा घातला होता.

"आबा... आई सीडीत न्हाय. माझ्याकडनं हरवली..."

आबांनी ओठांवर बोट ठेवलं. "हळू बोल... आत हाय ती."

त्यांच्या मागं स्वयंपाकाच्या ओट्यावर पितळी घागर दिसत होती. तीच, गळ्याशी पोचा आलेली. वर्षश्राद्धाला ती राधानगरीच्या मावशीला देऊन टाकली होती.

"आबा, ती कुणी आणली?"

फोन फिरवून आबांनी दारापासून ओट्यापर्यंतची फरशी दाखवली. लख्ख कोरडी.

"बघ की," ते अभिमानानं कुजबुजले. "काठोकाठ भरलीया, पर एक थेंब सांडला न्हाय."

मग त्यांनी फोन घागरीवर धरला. आतलं पाणी अजून हलत होतं.