खालचा सूर

निरोपाच्या धुनेत खालचा सूर कुणी धरायचा नाही, आणि का ते विचारायचं नाही. बाबांचे थोरले भाऊ शालिकराम मोठेबाबा गेल्यापासून आमच्या घरच्या बँडचा हा नियम आहे. नवरी निघताना बाबांच्या क्लॅरिनेटखाली मोठेबाबांचं क्लॅरिनेट चालायचं. आता रांगेत बाबांच्या डावीकडे एका माणसाची जागा मोकळी सोडून बँड चालतो. लोक हसतात.

उद्या सुरुचीचं लग्न. मोठेबाबांची मुलगी ती. "माझ्या बाबाचा सूर पाहिजे वं," एवढंच म्हणाली.

मी आमच्या बेसाच्या फ्लॅटमध्ये भर दुपारी लॅपटॉप उघडला. बाबांची धून सॉफ्टवेअरमध्ये भरली आणि तिच्याखाली क्लॅरिनेटची दुसरी ओळ रचली, एकेक सूर माउसने जागेवर ठेवत.

तेवढ्यात लाइट गेली. कूलर थांबला. वाळ्याचा ओला वास खोलीत तसाच राहिला. लॅपटॉप बॅटरीवर होता. मी धून लावली... आणि दुसरी ओळ सुरू व्हायच्या आधी कुणीतरी श्वास घेतला.

सॉफ्टवेअर श्वास घेत नाही.

मोठेबाबा मला शिकवताना म्हणायचे, "श्वास लपवू नको पोट्टे, ऐकू येऊ दे."

मी पुन्हा लावली. श्वास आला. मग शेवटचा सूर मी ठेवला होता त्यापेक्षा उशिरा आला, जड होऊन. नवरीकडे बघून त्यांना भरून यायचं, तेव्हा यायचा तसाच. मी दुसरी ओळ बंद केली. खालचा सूर चालूच राहिला. खोलीत लवंगेचा वास आला. त्यांच्या तोंडाला यायचा तो.

दारात बाबा आणि सुरुचीची आई, माझी मोठी आई, उभे होते.

"मिटव वं ते," बाबा हळूच म्हणाले.

"काहून?"

"तो येते... दर लग्नात बाजूले चालते. म्हणून तं जागा सोडतो आम्ही. पण असा बोलावला, तं तो वापस जाणार नाही."

"आणि हे तुम्ही मले आज सांगून राहिले?"

"पोरी, ऐक..." मोठी आई म्हणाली.

मी कपाटावरची मोठेबाबांच्या क्लॅरिनेटची पेटी खाली काढली. ते गेल्यापासून ती कुणी उघडली नव्हती. धुळीत माझी बोटं उमटली. आत क्लॅरिनेट होतं. फुंकताना ओठांत धरायची पत्ती ओली होती.

मी पेटी दोघांपुढे धरली.

"नाही मिटवणार. उद्या सुरुची निघन, तेव्हा हाच वाजन."

दोघंही त्या पत्तीकडे बघत राहिले.