अग्निमंदिराची वीट

"माझा नवरा कोळशाच्या धुरानं गेला, हे मला मान्य आहे," ताबान खानुम म्हणाल्या. "पण तो आपल्या चुकीनं गेला, हे मान्य नाही."

नादअलीनं चहाचा पेला त्यांच्यापुढे सरकवला. दुःखात माणसं असंच बोलतात, असं त्याला वाटलं. यझ्दमध्ये दर हिवाळ्यात एक-दोघं असे जातातच. कोर्सीच्या बुटक्या टेबलाखाली निखाऱ्यांची शेगडी, वर जाड रजई, दारं घट्ट बंद. ऊब आली की झोप येते आणि त्या झोपेतून माणूस उठत नाही.

शोकूह खानुम मात्र पुढे झुकल्या. इराणातल्या इस्लामी क्रांतीच्या आधी त्या न्यायाधीश होत्या. क्रांतीनंतर बायकांना त्या खुर्चीवरून उठवलं. खुर्ची गेली, पण सवय गेली नाही. आता लोक कायद्याचा सल्ला विचारायच्या निमित्तानं त्यांच्याकडे येत आणि जे पोलिसांना सांगता येत नाही ते सांगून जात. नादअली त्यांचा धाकटा दीर. भूगोलाचा निवृत्त मास्तर. गाडी चालवायची आणि वहिनींच्या प्रश्नांना चुकीची उत्तरं द्यायची, ही त्याची कामं.

"का नाही मान्य?" शोकूह खानुमनी विचारलं.

"ते वास्तुकार होते. घर दुरुस्त करताना कोर्सीच्या खोलीसाठी बादगिराचा, गच्चीवरच्या त्या वाऱ्याच्या मनोऱ्याचा, एक झरोका मुद्दाम उघडा ठेवला. बाकीचे झरोके हिवाळ्यात फळ्या मारून बंद करायचे, हा कधीच नाही. मी थंडीनं कुडकुडायचे, तर म्हणायचे, 'ताबान, हा झरोका आपला तिसरा श्वास आहे.' बुधवारी मी ताफ्तला बहिणीकडे होते. गुरुवारी दुपारी परत आले, तर दाराला आतून कडी. शेजारणीला हाक मारून दोघींनी ती तोडली." त्या थांबल्या. "गाल लालचुटूक होते. तरुण दिसत होते."

ताबान खानुमचे पती, उस्ताद इरज फहीमी, यांचं नाव शाळेतल्या पोरालाही ठाऊक होतं. इराणी माणूस म्हणजे कोण, हे त्याची घरं सांगतात, असं ते चाळीस वर्षं लिहीत आले. वाळवंटाच्या कडेला मजरे-गाझ नावाच्या खेड्यात एक पडका घुमट आहे. तो इस्लामपूर्व सासानी काळातलं अग्निमंदिर आहे, हे त्यांनी हयातभर मांडलं आणि सहा वर्षांपूर्वी तिथं त्या काळच्या पेहलवी अक्षरांची वीट सापडली तेव्हा सगळा देश नाचला. विटेचं चित्र पाठ्यपुस्तकात छापून आलं.

"चला, नादअली भावजी," शोकूह खानुम डोक्यावरची चादर सावरत उठल्या. "गाडी काढा."

*

फौजदारांनी खोलीला कुलूप घातलं होतं. किल्ली त्यांनी कुरकुरत दिली. "तीन दिवस झाले, खानुम. आता काय राख चिवडणार?"

खोली जशीच्या तशी होती. कोर्सीवर चहाचा भरलेला पेला. चहावर धुळीचा जाड तवंग, त्यात गवताच्या काड्या आणि एक करडं पीस. उशीवरही तसाच कचरा. फक्त मधोमध एक गोल जागा स्वच्छ.

"बादगीर झाडला नव्हता," फौजदार म्हणाले. "वरून पडतच असतं."

"रोज पडतं का हो?" शोकूह खानुमनी विचारलं.

ताबान खानुमनी मान हलवली. "कधीतरी एखादी काडी. एवढं नाही."

कोपऱ्यात तांब्याचं घमेलं होतं. तळाशी तांबूस गढूळ पाणी.

"पाय शेकले असतील उस्तादांनी," नादअली म्हणाला. "मीही शेकतो. मीठ टाकून."

"मिठाला चहाचा वास येतो का, भावजी?" वहिनींनी घमेल्यात नाक घातलं होतं. मग त्यांनी कोनाड्यातली वीट उचलली. तीच, पाठ्यपुस्तकातली. संग्रहालयातून उस्तादांनी ती अभ्यासाला घरी आणली होती. विटेचा चेहरा काळवंडलेला, अक्षरं मात्र आतून कोवळी, नारिंगी. त्यांनी नख फिरवलं. नखावर भुकटी आली.

त्यांनी ती भुकटी बोटांत चोळली. नादअलीला बारा वर्षांची सवय होती. वहिनी गप्प झाल्या की पुढचं जेवण उशिरा मिळतं.

*

शेजारीण माह-बेगम अंगणात कपडे वाळत घालत होती. तोंडाचा पट्टा चालूच.

"उस्ताद देवमाणूस हो! पण कबुतरं? ती सैतानाची. एरवी त्या बादगिरात घुमत बसतात. थंडीत तिथं गरम वाफ येते ना, म्हणून. पण गुरुवारी सकाळभर सगळी येऊन बसली माझ्या दोरीवर, मेली! धुतलेल्या चादरींची पार वाट लावली. दुपारच्या अजानेच्या सुमाराला गेली परत. तेवढ्यात ताबान खानुमची हाक आली, आणि मग कसल्या चादरी नि कसलं काय..." तिनं डोक्यावरच्या चादरीचं टोक डोळ्यांना लावलं.

"गच्चीवर कुणी दिसलं?"

"इथं गच्चीला गच्ची चिकटलेली, खानुम. गल्लीच्या टोकाच्या पडक्या घरातून चढलं की मांजरसुद्धा बाजारापर्यंत जाईल. मी खाली होते, शिव्या देत."

*

डॉक्टर खोदारहम बेहमर्दी हे उस्तादांचे हाडवैरी. झरतुश्ती, म्हणजे पारशी धर्माच्या लोकांच्या मोहल्ल्यातल्या त्यांच्या घरात डाळिंबाच्या सालींचा वास होता. तो घुमट अग्निमंदिर नव्हे, उंटवाल्यांचा रात्रीचा निवारा आहे, असं ते वीस वर्षं म्हणत होते. भर सभेत उस्तादांनी त्यांना 'आपल्याच पूर्वजांना नाकारणारा' म्हटलं होतं.

"तुम्ही तर झरतुश्ती," नादअलीला राहवलं नाही. "देऊळ तुमचंच ठरत होतं की!"

"म्हणूनच, मास्तर. जे आमचं आहे ते पुरे आहे. खोटं देऊळ कशाला हवं? खोटं बोलणं हे आमच्यात पहिलं पाप."

"गुरुवारी सकाळी कुठं होतात?" शोकूह खानुमनी विचारलं.

"इथंच. एकटा. साक्षीदार नाही." म्हातारा कडवट हसला. "बारा वर्षं मी त्या घराचा उंबरा ओलांडला नाही. पण बुधवारी संध्याकाळी इरजचा फोन आला. म्हणाला, 'खोदारहम, शुक्रवारी चहाला ये. तुझी माफी मागायची आहे.' मी रात्रभर झोपलो नाही. आनंदानं, बरं का. आणि शुक्रवारी गेलो तो त्याच्या दफनाला."

गाडीत बसल्यावर नादअली म्हणाला, "थापा मारतोय, वहिनी. चाळीस वर्षांचा अभिमान कुणी चहावर सोडतो का?"

"त्याचा आवाज ऐकलात? की नुसते शब्द?"

*

बेहरंग साबेती संग्रहालयाच्या पायरीवरच भेटला. उस्तादांचा लाडका शिष्य; त्यांच्या घराच्या दुरुस्तीचे नकाशेही यानंच काढलेले, मानसपुत्र म्हणत लोक. वीट यानंच शोधली आणि तिच्यामुळेच तो चाळिशीच्या आत संग्रहालयाचा प्रमुख झाला. डोळे रडून सुजले होते. ते रडणं खोटं नव्हतं, हे नादअलीलाही कळलं.

"माफी? बेहमर्दींची?" तो म्हणाला. "शक्य नाही, खानुम. उस्ताद आपल्या पुस्तकाचं शेवटचं प्रकरण लिहीत होते. त्या विटेवर त्यांची श्रद्धा होती. बेहमर्दी आता मेलेल्या माणसाच्या तोंडी शब्द घालतायत."

"उस्तादांना शेवटचं कधी भेटलात?"

"मंगळवारी. गुरुवारी सकाळी मजरे-गाझला जाताना त्यांच्या गल्लीवरून गेलो, एवढंच. वर पाहिलं. झरोक्यात कबुतरं नेहमीसारखी घुमत होती. वाटलं, उस्ताद खाली उबेत बसलेत. आत गेलो असतो तर..." त्यानं बाहीनं डोळे पुसले. मग म्हणाला, "ती वीट खोलीतच आहे ना? कुलूप निघालं की मला परत न्यायची आहे. सरकारी ठेवा आहे."

"उद्या सकाळी या," शोकूह खानुम म्हणाल्या. "हातानं देते."

*

दुसऱ्या दिवशी त्या खोलीत सगळे जमले. ताबान खानुम, फौजदार, डॉक्टर बेहमर्दी आणि बेहरंग. शेगडी विझलेली होती. माणसं कोट घालूनच बसली.

"उशीपासून सुरुवात करू," शोकूह खानुम म्हणाल्या. "सगळीकडे कचरा, आणि डोकं होतं तेवढीच जागा स्वच्छ. म्हणजे कचरा पडला तेव्हा डोकं उशीवर होतं. चहाही ओतलेला होता. तोंडावर घाण पडूनही ज्या माणसानं हात हलवला नाही, तो झोपलेला नव्हता. एवढा कचरा एकदम कधी पडतो, फौजदार? वर कोंबलेलं काहीतरी ओढून काढलं की."

फौजदारांनी वर पाहिलं.

"झरोका कुणीतरी गच्चीवरून बुजवला. काम झाल्यावर बोळा काढणं भाग होतं. वरून कोंबलेला बोळा सापडला असता, तर अपघात कोण म्हणालं असतं? कधी बुजवला, तेही आपल्याला ठाऊक आहे. गुरुवारी सकाळी. कबुतरांचं घर बंद झालं, म्हणून ती माह-बेगमच्या चादरींवर बसली. दुपारी घर उघडलं, ती परतली."

"पण का?" नादअलीनं विचारलं.

"त्यासाठी तुमचं पाय शेकायचं घमेलं, भावजी." त्यांनी वीट कोर्सीवर ठेवली. "उस्तादांनी वीट धुतली. ओल्या मातीत कोरून भाजलेलं अक्षर आतूनही विटेइतकंच जुनं असतं. हे भाजलेल्या जुन्या विटेवर नंतर कोरलंय. वर चहाचं पाणी आणि माती चोपडली, की झालं दीड हजार वर्षांचं. ते पाणी घमेल्यात उतरलं. उस्तादांना कळलं, वीट खोटी आहे. म्हणून डॉक्टरांना फोन. डॉक्टर खरं बोलत होते. आणि शेवटचं प्रकरण, अढळ श्रद्धा, हे सांगणारा खोटं."

बेहरंग पांढराफटक पडला. "विटेत मीही फसलो असेन, खानुम. त्यानं खून सिद्ध होत नाही."

"नाही होत. पण कबुतरांचं तुम्हाला कुणी विचारलं नव्हतं. तुम्ही आपणहून सांगितलंत. झरोका उघडा होता, हे आमच्या डोक्यात भरवायची घाई झाली. त्या सकाळी झरोक्यात एकही कबूतर नव्हतं, साबेती. जो खरोखर गल्लीतून गेला असता, त्यानं ती दोरीवर पाहिली असती. बुजवलेला झरोका उघडा म्हणून सांगायची गरज एकालाच होती. आणि हा एकच झरोका खोलीत उतरतो, हे ताबान खानुमना ठाऊक, आणि दुरुस्तीचे नकाशे काढले त्या शिष्याला. ताबान खानुम ताफ्तला होत्या."

फौजदारांनी दाराकडे पाहून खूण केली. हवालदार आत आला. त्याच्या हातात जाड बुरणूस होता, एका अंगाला कबुतरांची विष्ठा आणि पिसं चिकटलेली.

"तुमच्या जीपमध्ये मिळाला," फौजदार म्हणाले. "उत्खननाच्या फावड्यांखाली."

बेहरंगनं बुरणुसाकडे पाहिलं. मग तो बोलू लागला तो कोर्सीकडे पाहून, जणू तिथं अजून कुणी बसलंय.

"सोळा वर्षं ते त्या ढिगाऱ्यात शोधत होते. दर वसंतात रिकाम्या हातानं परत यायचे. मला बघवेना. म्हटलं, एक वीट. म्हाताऱ्याला एक दिवस तरी सुख. पोरासारखे नाचले होते ते! मग पद आलं, चित्र छापलं, मागे फिरायची वाट राहिली नाही. बुधवारी फोनवर म्हणाले, 'बेहरंग, अक्षरं धुतली. शुक्रवारी खोदारहमला चहाला बोलावलंय.' एवढंच. ओरडले असते तर बरं झालं असतं. शुक्रवारी ते डॉक्टरांसमोर माझं नाव घेणार होते. सगळ्या देशासमोर..."

"नव्हता घेणार," डॉक्टर बेहमर्दी म्हणाले.

सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं.

"वीट खोटी आहे, हे इरजनं फोनवरच सांगितलं होतं; ते उघड करणं त्याचं काम, म्हणून मी बोललो नव्हतो. मी विचारलं, कुणी केलं हे? इरज म्हणाला, 'ते विचारू नकोस. मला हवं होतं म्हणून मी मानलं. चूक माझी, माझ्याच नावावर जाईल. पोराचं अजून आयुष्य पडलंय.'" त्यांनी बेहरंगकडे पाहिलं. "मला नाव माहीत नव्हतं. आत्ता कळलं."

बेहरंगच्या तोंडातून जो आवाज निघाला, तो नादअलीनं त्याआधी कधी ऐकला नव्हता आणि नंतर ऐकायची त्याची इच्छा नव्हती. फौजदार आणि हवालदारानं त्याला दोन्ही बाजूंनी धरून नेलं. तो चालत नव्हता, ओढला जात होता.

मग दारावर वर्तमानपत्राचा माणूस आला. मृत्युलेखाला मथळा हवा होता. 'अग्निमंदिराचा शोधक' असं चालेल का, त्यानं अदबीनं विचारलं.

ताबान खानुमनी डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टरांनी मान खाली घातली. हा निर्णय त्यांचा नव्हता.

"नाही," ताबान खानुम म्हणाल्या. "लिहा, तो घुमट उंटवाल्यांचा होता. आणि हे इरज फहीमींनी स्वतः शोधून काढलं."