कानानं निवडलेलं पाळणाघर

नीज माझ्या लेकी, दार लोटलं वाऱ्यानं,
तुझ्या पापणीची कडी लावली ताऱ्यानं.

आईचा आवाज किंचित घोगरा होता. ‘पापणी’वर तो जरासा चिरायचा, आणि त्या चिरेतूनच झोप आत शिरायची. आई गेली तेव्हा मी शाळेत होते. तिचा चेहरा फोटोत उरला, आवाज माझ्या गळ्यात. ठमी झाली, मी पहिल्यांदा तिला थोपटायला बसले, आणि तीच चीर आपसूक उमटली.

ठमी म्हणजे आमची लेक. खरं नाव दाखल्यापुरतं; घरात ठमीच. ती रांगायला लागली आणि माझी रजा संपत आली. मी इस्पितळात कान तपासते. जाड दाराच्या, आवाज गिळणाऱ्या खोलीत माणसाला बसवायचं, बारीक बारीक सूर सोडायचे, ऐकू आलं की त्यानं बटण दाबायचं. नोकरी सोडण्यासारखी नव्हती. एकाच्या पगारावर आमचं घर चालत नव्हतं.

सासूबाईंचे गुडघे गेलेले. “पोर धावायला लागली की तिच्यामागं काय माझी काठी पाठवू?” त्या फोनवर म्हणाल्या. वर एक टोमणा होताच. “कानाची डॉक्टरीण म्हणे, पण घरच्यांचं एक ऐकशील तर शपथ. रजा वाढव म्हणते मी.”

मग आम्ही पाळणाघरं बघत हिंडलो. नवरा जिना बघायचा, खिडक्यांचे गज हलवून बघायचा, संडासात डोकावायचा. मी डोळे मिटून उभी राहायचे. पहिल्या ठिकाणी टीव्हीचा आवाज इतका मोठा, की सांभाळणाऱ्या बायका एकमेकींशी ओरडून बोलत. दुसऱ्या ठिकाणी खुर्ची सरकली की तो आवाज भिंतीवर आपटून परत यायचा. कोपऱ्यात एक मूल रडत होतं, आणि सवयीनं ते रडणं कुणाच्या कानापर्यंत पोचत नव्हतं.

तिसरं एका गल्लीच्या टोकाला, तळमजल्यावर होतं. लाकडी जमीन, जाड पडदे, दारात चिमुकल्या बुटांची ओळ. खोलीभर मुलं. कुणी ठोकळे रचत होतं, कुणी बाहुलीचे केस ओढत होतं, एक पोरगा पालथा पडून पाय आपटत होता. मी डोळे मिटले. कानाला खोली रिकामी होती.

डोळे उघडले. मुलं होती.

दुसरी कुणी दचकली असती. मी शांततेत भाकरी कमावणारी. मला माहेरी आल्यासारखं वाटलं. “हेच,” मी नवऱ्याला म्हणाले.

पाळणाघर चालवणाऱ्या बाईंना सगळे मावशी म्हणत. उंच, हाताला साबणाचा वास, बोलताना माझ्या डोळ्यांकडे नाही तर ओठांकडे बघणाऱ्या. “आमच्याकडे एक पद्धत आहे,” त्या म्हणाल्या. “पहिल्या दिवशी आईनं तिची अंगाई म्हणायची. एकदाच. इथं, उंबऱ्यात. मग मूल रडत नाही.”

“मी म्हटली तर चालेल का?” नवऱ्यानं चेष्टा केली. “आमच्या गल्लीतली कुत्री गप्प होतात.”

“बापाची नाही चालत,” मावशी म्हणाल्या. त्या हसल्या नाहीत.

मी ठमीला कडेवर घेतलं आणि अंगाई म्हटली. मावशींचे ओठ माझ्यासोबत हलत होते, किंचित मागून. दुसऱ्या ओळीला ते बरोबरीला आले. शेवटच्या शब्दाला माझ्या पुढे होते.

त्या संध्याकाळी ठमीला पाळण्यात घातलं आणि गायला बसले. शब्द सगळे होते. चीर नव्हती. दुकानाची पाटी वाचावी तशी मी अंगाई वाचत होते. ठमीनं थोडा वेळ माझ्या तोंडाकडे बघितलं, आणि समजूतदार पाहुण्यासारखं कूस वळवून झोपली.

“शहाणी झाली गं पोर,” सासूबाई फोनवर म्हणाल्या. “पाळणाघर लाभलं हो.”

लाभलं खरं. सकाळी सोडताना ती रडायची नाही. मीही नाही. संध्याकाळी मी आणायला जायचे, मावशी तिला माझ्या हातात द्यायच्या, आणि ती यायची. झेपावायची नाही, यायची. एकदा तिथून निघताना ती पहिल्यांदा “आई” म्हणाली. माझ्या खांद्यावरून, मागे, त्या खोलीत बघून. मावशींनी दार हलकेच लोटून घेतलं.

मला काहीतरी वाटायला हवं होतं. बसथांब्यावर उभं राहावं तशी मी त्या वाटण्याची वाट बघितली. आलं नाही.

शेवटी कान तपासायला मी तिला इस्पितळात नेलं. माझ्याबरोबर काम करणारी बाई यंत्रावर बसली. ठमी आत, जमिनीवर, कापडी अस्वल घेऊन. एकेक सूर सोडला. प्रत्येक सुराला तिनं मान वळवली. मग सहकारी तिच्या पाठीमागं जाऊन कुजबुजली, “ठमे, ए लबाड.” ठमी वळली, खुदकन हसली.

“आता तू,” सहकारी मला म्हणाली.

मी हाक मारली. ठमी अस्वलाचा कान चोखत होती.

पुन्हा मारली, मोठ्यानं. यंत्राचा काटा उठला, पडला. आवाज खोलीत होता. तिच्यापर्यंत जात नव्हता.

“रुसलीय तुझ्यावर,” सहकारी म्हणाली. पण तिनं माझ्याकडे बघितलं नाही.

मी तशीच वरच्या मजल्यावर गेले आणि साहेबांना सांगून आले.

घरी नवरा ठमीचे धुतलेले कपडे घडी करत बसला होता. ठमी त्याच्या पायाशी खेळत होती.

“उद्यापासून ही तिथं जाणार नाही,” मी म्हणाले. “मीच सांभाळीन. नोकरी सोडली आज.”

त्यानं घातलेली घडी मोडली. पुन्हा घातली.

“मी एकदा दुपारी तिथं गेलो होतो,” तो म्हणाला. “पहिल्याच आठवड्यात.”

“बोलला नाहीस.”

“तू आत होतीस. भिंतीला टेकून, हिला मांडीवर घेऊन थोपटत होतीस. म्हटलं, लवकर सुटलीस. गंमत म्हणून बाहेरून फोन लावला.”

मला तो फोन आठवला. आत पेशंट आहे, मी म्हणाले होते.

“तू उचललास. बोललीस, ठेवलास. मी काचेतून बघत होतो. आतली थोपटतच होती.”

ठमी अजिबात आवाज न करता खेळत होती.

“मावशी बाहेर आल्या,” तो म्हणाला. “म्हणाल्या, दोघी एका घरात नांदायच्या नाहीत. एक इथं राहील, मुलीपाशी. तुम्हाला घरी कोणती हवी? जी सांगाल, तीच तिथं टिकेल.”

“तू काय सांगितलंस?”

“जी कामावर जाते ती.”

त्यानं फ्रॉक खाली ठेवला.

“आणि आज तू नोकरी सोडून आलीस,” तो म्हणाला.